कराचीला न पोहोचलेली वायुनौका

गेल्या चतुर्थीला आमचा भाचा बेळगावहून घरी आला होता. तो तेथे अभियांत्रिकी शिकतो. दुपारी आरत्या आटोपून, पानावरून उठून आम्ही ओसरीवर जरा टेकलो, तोच त्याने जवळ येऊन म्हटले, “मामा, एक गाणे ऐका. पुरते अठरा मिनिटांचे आहे. पण मध्येच उठायचे नाही.” या पिढीच्या संगीताविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही, हे त्याला ठाऊक होते. ज्यास ‘हेवी मेटल’ म्हणतात त्या प्रकारातील हे गाणे. तीन गिटारी आणि नगाऱ्यासारखे घुमणारे ड्रम ऐकून घरातील वडीलधाऱ्यांनी दार लावून घ्यावे, असा तो प्रकार. परंतु या गाण्याचा आरंभ पियानोच्या मंद सुरांनी झाला, आणि थोड्याच वेळात आमच्या ध्यानात आले की हे प्रेमाचे वा बंडाचे गाणे नसून एका अपघाताचे आहे. ते संपल्यावर भाच्याने सांगितले, “यातले सारे खरे घडलेले आहे. ती वायुनौका आपल्याकडेच यायला निघाली होती.”

त्या एका वाक्यामुळे आम्ही पुढचे दोन महिने या प्रकरणात गुंतून पडलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. प्रकरण इंग्लंडचे आहे खरे, पण त्याचा एक धागा नाशिकला, दुसरा कराचीला आणि तिसरा, कबूल करण्यास संकोच वाटतो तरी, आमच्या स्वतःच्या वकिली दप्तरापर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम गाण्याविषयी. ‘आयर्न मेडन’ हा वाद्यवृंद १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये स्थापन झाला. इतिहासातील लढाया व शोकांतिका यांवर गाणी रचण्याची त्याची जुनी रीत आहे. ४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘द बुक ऑफ सोल्स’ या त्याच्या संग्रहातील शेवटचे गीत म्हणजे ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’. ते गायक ब्रूस डिकिन्सन यांनी लिहिले, आणि पियानोही त्यांनीच वाजविला. त्या वृंदाचे इतके दीर्घ गीत त्यापूर्वी झालेले नव्हते. डिकिन्सन हे व्यवसायाने वैमानिकही आहेत. प्रवासी विमाने त्यांनी वर्षानुवर्षे चालविली आहेत. संग्रहाचे ध्वनिमुद्रण २०१४ मध्ये पुरे झाले आणि त्याच सुमारास त्यांना कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार पूर्ण होईपर्यंत संग्रहाचे प्रकाशन थांबले. स्वतः मृत्यूच्या छायेत उभ्या राहिलेल्या एका वैमानिकाने अठ्ठेचाळीस मृतांचे केलेले हे स्मरण आहे, हे कळल्यावर त्या गोंगाटाविषयी आमचा दृष्टिकोन बदलला.

आणि पराभवाचे, नाशाचे गाणे होणे यात आपणांस नवल वाटण्याचे कारणही नाही. ज्या पानिपताने १७६१ मध्ये घरोघरच्या चुली विझविल्या, त्या पानिपताचे पोवाडे व बखरी आपल्याच भाषेत झाल्या. ग्वाल्हेर आणि इंदूर येथील आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. विजयाचे स्मरण राज्ये करतात. हानीचे स्मरण शाहिरांवर सोपवावे लागते.

आता मूळ घटनेकडे वळू.

१९२४ मध्ये इंग्लंडात रॅम्से मॅकडोनल्ड यांचे मजूर सरकार अधिकारावर आले. साम्राज्याचे दूरदूरचे प्रदेश हवाई मार्गाने जोडावेत म्हणून दोन प्रचंड वायुनौका बांधण्याची योजना त्या सरकारने पुढे आणली. त्या काळची विमाने लहान असत व थोडे अंतर तोडून त्यांना उतरावे लागे. उलट वायुनौका हायड्रोजन वायूच्या बळावर तरंगे आणि दिवसेंदिवस हवेत राहू शके. दोहोंपैकी ‘आर-१००’ ही एका खाजगी कंपनीने यॉर्कशायरमधील हाउडन येथे बांधावी, आणि ‘आर-१०१’ ही सरकारने स्वतःच्या कारखान्यात, बेडफर्डजवळील कार्डिंग्टन येथे बांधावी, असे ठरले. एकाच कामाचे दोन कंत्राटदार. त्यांपैकी एक स्वतः सरकार. आणि नौका उडण्यास योग्य आहे असा दाखला देणार तेही सरकारच. वकिलाची नजर येथेच अडखळते. न्याय देणारा आणि वादी हे एकाच घरात राहू लागले, की पुढे काय होते हे आम्ही कोर्टात नित्य पाहतो.

या योजनेचे प्रवर्तक म्हणजे हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन. क्रिस्टोफर बर्डवुड थॉमसन यांचा जन्म १८७५ मध्ये आपल्या नाशिकला, एका लष्करी कुटुंबात झाला होता. सरदारपद मिळाले तेव्हा आपल्या उपाधीला त्यांनी कार्डिंग्टनचे नाव जोडून घेतले, इतका त्यांचा जीव या कामात गुंतला होता. ज्या देशात आपण जन्मलो, तेथे आपणच बांधविलेल्या नौकेतून उतरावे, ही त्यांची आकांक्षा मनुष्यस्वभावास धरून होती. ते पुढे व्हाइसरॉय होणार अशी कुजबुजही तेव्हा ऐकू येत असे.

आर-१०१ चे पहिले उड्डाण १४ ऑक्टोबर १९२९ रोजी झाले. तिच्यात प्रशस्त दिवाणखाना होता, साठ माणसे एका वेळी बसतील अशी भोजनशाळा होती. हायड्रोजनच्या कोठारांखाली धूम्रपानाची एक स्वतंत्र खोलीही होती! वायूच्या पिशव्या गुरांच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यापासून केलेल्या होत्या आणि त्यासाठी किती जनावरे लागली याचा हिशेब वाचताना आपल्यासारख्यांचे मन क्षणभर थबकते. मात्र या थाटाखाली एक कठोर गणित दडले होते. वाहतुकीसाठी सुमारे ६० टन वजन उचलण्याची शक्ती अपेक्षित होती. प्रत्यक्षात भरली सुमारे ३५ टन. पाच डिझेल इंजिने फार जड झाली होती, सांगाडाही जड झाला होता. मग उपाय सुरू झाले. पिशव्यांभोवतीची जाळी सैल करून त्यांत अधिक वायू भरला. त्या फुगल्या आणि सांगाड्याच्या तुळयांवर घासू लागल्या. घासल्या म्हणून त्यांना भोके पडू लागली. भोके पडू नयेत म्हणून हजारो ठिकाणी कापडाच्या गाद्या बांधल्या. एवढ्यानेही भागेना, तेव्हा १९३० च्या उन्हाळ्यात नौका मध्ये कापून एक नवा खण घातला व तिची लांबी ७७७ फूट केली.

याच वेळी फ्रेडरिक मॅकवेड नावाच्या माणसाने एक पत्र लिहिले. कार्डिंग्टन येथे तपासणी करणारे ते अधिकारी. हुद्द्याने मोठे नव्हेत. ३ जुलै १९३० रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांस कळविले की गाद्या बांधण्याचा हा उपाय समाधानकारक नाही, पिशव्या घासून वायू गळत राहणार, आणि अशा स्थितीत उड्डाणाची परवानगी वाढवून द्यावी अशी शिफारस आपण करू शकत नाही. पत्र स्पष्ट होते, वेळेवर होते आणि लिहिण्याचा अधिकार असलेल्या माणसाने लिहिलेले होते. वरिष्ठांनी ते कोठे पाठविले? ज्या कार्डिंग्टनच्या कामावर आक्षेप होता, त्या कामाच्या प्रमुखांकडेच अभिप्रायासाठी! काळजीचे कारण नाही असा अभिप्राय आला, आणि पत्र फायलीत विसावले. हवाई खात्याच्या सर्वोच्च मंडळापर्यंत ते पोहोचलेच नाही.

त्याच जुलै महिन्यात लॉर्ड थॉमसन यांनीही एक टिपण लिहिले. हिंदुस्थानच्या प्रवासाचा ठरलेला कार्यक्रम पाळला गेलाच पाहिजे, कारण आपण आपले बेत त्यानुसार आखले आहेत, असा त्याचा आशय होता. साम्राज्य परिषदेचे काम लंडनमध्ये ऑक्टोबरात चालणार होते. त्याच्या मध्येच कराचीला जाऊन २० तारखेपर्यंत परत यावे असा त्यांचा मनोदय होता. येथे त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २ ऑक्टोबरच्या बैठकीत त्यांनी अधिकाऱ्यांस बजावले होते की माझ्या उतावीळपणाचा तुमच्या निर्णयावर परिणाम होऊ देऊ नका, तुमच्या बुद्धीस पटेल तेच करा. दोन्ही गोष्टी नोंदलेल्या आहेत. परंतु जुलैत घट्ट आवळलेली गाठ ऑक्टोबरात शब्दाने सैल होत नाही. मंत्र्याने ‘माझ्यासाठी घाई नको’ असे म्हणावे आणि त्याचे सामान बांधून तयार असावे, अशा वेळी खालच्या माणसाने कोणत्या तोंडाने ‘नको’ म्हणायचे?

नव्या खणासह नौकेची चाचणी झाली ती १ ऑक्टोबरला, शांत हवेत. एका इंजिनातील तेल थंड करण्याचे यंत्र बिघडल्यामुळे पूर्ण वेगाची कसोटी घेता आली नाही. ती हिंदुस्थानच्या वाटेवरच घ्यावी असे ठरले. स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून दोन प्राध्यापक नेमलेले होते. त्यांचा लेखी अहवाल पुरा व्हायचा होता. तरीही उड्डाणयोग्यतेचा दाखला मात्र तयार झाला आणि प्रवासाला निघण्यापूर्वी नौकेच्या हाती पडला.

शनिवारी, ४ ऑक्टोबर १९३० च्या सायंकाळी, वारा-पाऊस वाढत असता नौकेने कार्डिंग्टनचा खांब सोडला. तीवर ५४ माणसे होती. मंत्री लॉर्ड थॉमसन, नागरी विमानखात्याचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर, नौकेचे रचनाकार रिचमंड, असे सारे मोठे लोक त्यांत होते. मार्ग इजिप्तमधील इस्माइलियावरून कराचीचा. इस्माइलियाला नौकेवरच मेजवानी व्हायची होती. मध्यरात्रीच्या सुमारास नौकेवरून बिनतारी संदेश आला की उत्तम भोजन करून, शेवटची सिगार ओढून प्रतिष्ठित पाहुणे निद्राधीन झाले आहेत. त्यानंतर दोन तासांच्या आत, ५ ऑक्टोबरच्या पहाटे दोनच्या पुढे, फ्रान्समधील बोव्हे शहराजवळच्या अलॉन गावी नौकेने दोनदा नाक खाली घातले आणि ती एका उतारावर टेकली. आपटली म्हणण्यापेक्षा टेकलीच. वेग फार नव्हता. पण लागलीच हायड्रोजनने पेट घेतला. सशांसाठी फासे लावीत फिरणारा एक गावकरी तेवढा जवळून हा प्रकार पाहत होता.

आठ माणसे आगीतून बाहेर आली. त्यांतील दोघे इस्पितळात वारले. वाचले ते सहा, आणि ते सारे इंजिनांवर वा तत्सम कामावर असलेले साधे लोक. त्यांतला बिंक्स हा आपल्या पाळीवर काही मिनिटे उशिरा पोहोचला होता. त्यामुळे ज्याची पाळी संपली होती तो बेल अजून इंजिनाच्या कोठडीतच होता, आणि डोक्यावरची पाण्याची टाकी फुटून दोघेही भिजले म्हणून वाचले. लीच नावाचा कामगार स्वतः सुटल्यावर इतरांस काढण्यासाठी पुन्हा ज्वाळांत शिरला. त्याला पुढे अल्बर्ट पदक मिळाले. प्रतिष्ठित पाहुण्यांपैकी कोणी उरले नाही.

शवपेट्या युद्धनौकेने इंग्लंडला आणल्या गेल्या. १० ऑक्टोबरला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्या दर्शनासाठी ठेवल्या, आणि लोकांच्या रांगा रस्तोरस्ती लागल्या. अनेक मृतांची ओळखच पटली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी कार्डिंग्टनच्या लहानशा गावात मंत्री, कप्तान, तारायंत्री, वाढपी, सर्वांना एकाच थडग्यात मूठमाती दिली. उच्चनीचतेविषयी इतका काटेकोर असलेला तो समाज. त्याला अग्नीने एका रात्रीत जे शिकविले ते आपल्या संतांनी शतकानुशतके सांगितलेच होते. नौकेचा अर्धवट जळालेला ध्वज तेथील चर्चमध्ये आजही जपलेला आहे.

चौकशीसाठी न्यायासन बसले. अध्यक्ष कोण, तर सर जॉन सायमन! होय, तेच. १९२८ मध्ये ज्यांच्या आयोगाला काळी निशाणे दाखविली गेली, ज्यांच्या विरोधातील लाहोरच्या मिरवणुकीत लाला लजपतरायांवर लाठ्या पडल्या, आणि ज्यांचा अहवाल १९३० च्या जूनमध्ये प्रसिद्ध होऊन येथे कोणासच रुचला नाही, तेच हे विख्यात वकील. आपल्याविषयीचा त्यांचा अहवाल कसा होता हे सर्वविदित आहे. तरीही मार्च १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा दुसरा अहवाल वाचताना, माणूस आपल्या धंद्यात निष्णात होता हे मान्य करावे लागते. नाकाजवळचे जुने आच्छादन फाटून पुढच्या पिशव्यांतून वायू गेला असावा आणि त्यातच वाऱ्याच्या झोताने नौका खाली दाबली गेली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कोणा एकाच्या माथी दोष मारला नाही. पण एक गोष्ट त्यांनी संयमित शब्दांत नोंदविली, ती अशी की सार्वजनिक धोरणाची कारणे नसती, तर त्या सायंकाळी ती नौका हिंदुस्थानकडे निघालीच नसती. मॅकवेड यांचे पत्रही याच चौकशीत उजेडात आले.

आर-१०० ही दुसरी नौका त्याच उन्हाळ्यात कॅनडाला जाऊन सुखरूप परतली होती. तिलाही नंतर मोडीत काढले, आणि इंग्लंडने वायुनौकांचा नाद कायमचा सोडला.

कराचीचे काय झाले? तेव्हा सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच होता; तो १९३६ मध्ये वेगळा झाला. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थाच्या नावाची शाळा ज्या शहरात आजही उभी आहे, जेथे गोमंतकीयांनी आपल्या वस्त्या वसविल्या, त्या कराचीत आर-१०१ साठी नांगराचा खांब आणि एक प्रचंड कोठार बांधून तयार होते. लोक त्याला ‘काळा छपरा’ म्हणत. ज्या नौकेसाठी ते बांधले, ती तेथे कधीच आली नाही. देव येण्याआधीच उभारलेले मखर जसे उदास दिसावे, तसे ते कोठार पुढे कित्येक वर्षे रिकामे उभे होते.

आता आमच्या दप्तराविषयी. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या समितीने आमचा सल्ला मागितला होता. जत्रा आठ दिवसांवर आली होती. अग्रशाळेच्या वरच्या मजल्यावर महाप्रसादाच्या पंगती बसवायच्या होत्या, आणि एका तरुण अभियंत्याने पत्र दिले होते की हा स्लॅब एवढ्या माणसांचा भार घेण्याजोगा उरलेला नाही. पत्रिका वाटल्या गेल्या होत्या. यजमान ठरले होते. परगावचे महाजन गाड्यांची तिकिटे काढून बसले होते. समितीने ते पत्र ज्या कंत्राटदाराने स्लॅब घातला त्याच्याकडेच अभिप्रायासाठी पाठविले. त्याने ‘चिंता नसावी’ असे कळविले. मग आमच्याकडून कायद्याचे मत घेतले गेले. आम्ही काय लिहिले? ‘योग्य ती दक्षता घेतल्यास कार्यक्रम करण्यास कायद्याची अडचण दिसत नाही.’ ‘योग्य ती दक्षता’ या तीन शब्दांत आम्ही स्वतःची सुटका करून घेतली होती.

जत्रा पार पडली. पंगती उठल्या, स्लॅब राहिला. कोणी आम्हांस दोष दिला नाही. उलट मानाचे श्रीफळ दिले. तो अभियंता मात्र त्यानंतर कधी बैठकीस आला नाही. आर-१०१ च्या चौकशीतील मॅकवेड यांच्या पत्राची हकीकत वाचली त्या रात्री आम्हांस त्या तरुणाचे पत्र आठवले आणि झोप लागली नाही. ईश्वराने त्या दिवशी शेकडो माणसे राखली. आमच्या सल्ल्याने राखली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही समितीस नवे पत्र लिहिले. आमचे पूर्वीचे मत मागे घेतो, अग्रशाळेची तपासणी कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या माणसाकडून करून घ्यावी, आणि तोवर वरचा मजला बंद ठेवावा, असे त्यात नमूद केले. अभियंत्याच्या घरीही गेलो. त्याने चहा दिला, फार बोलला नाही. पण निरोप देताना फाटकापर्यंत आला. वरचा मजला तूर्त कुलूपबंद आहे आणि पंगती अंगणात मांडवाखाली बसतात. पावसाची सर आली तर गैरसोय होते, हे खरे.

आपल्या देवस्थानांत, शाळांत, संस्थांत आज मोठमोठी बांधकामे चालली आहेत. उत्साह आहे, पैसा आहे, तारखा ठरलेल्या आहेत. अशा वेळी ‘थांबा’ म्हणणारे एखादे पत्र येते, आणि ते बहुधा हुद्द्याने लहान अशा माणसाचे असते. ते पत्र कोणाच्या हाती जाते, यावर पुढचे सारे अवलंबून राहते. ज्याच्या कामाविरुद्ध ते लिहिले आहे त्याच्याकडेच ते परत गेले, तर ते लिहिले गेलेच नाही असे समजावे.

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘आयर्न मेडन’चा कार्यक्रम झाला. वृंद, त्याची माणसे व वाद्ये लंडनहून एका खास विमानाने आली, आणि ते विमान चालविणाऱ्यांत खुद्द गायक डिकिन्सन होते. जो प्रवास आर-१०१ ला पुरा करता आला नाही, तसाच इंग्लंडहून पूर्वेकडचा प्रवास या गायकाने पुरा केला आणि काही वर्षांनी त्या नौकेचे गीत रचले. उड्डाणापूर्वी एकेक यंत्र तपासल्याखेरीज वैमानिक धावपट्टी सोडीत नाही. ती यादी कोणाच्या तरी मरणातून शिकून तयार झालेली असते, हे वैमानिकास ठाऊक असते. म्हणूनच बहुधा त्याला अठरा मिनिटे लागली.

भाचा दिवाळीला पुन्हा येणार आहे. ते गाणे या वेळी आम्हीच त्याला लावावयास सांगणार आहोत.